माळावरच्या प्लॉटांना विरोध म्हणजे घरांना विरोध नव्हे

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गावानं ग्रामसभेत ठराव केला की माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याला लागून असलेल्या माळावर प्लॉट पाडून विकायचे नवीन लेआउट नकोत, आणि तेव्हापासून सोलापुरात ज्याला त्याला या विषयावर मत आलंय. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव घेतलं की लोक लगेच तिथलं राजकारण काढतात, हा कुणाचा माणूस, तो कुणाचा पाहुणा, आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. शिवाय बार्शी रोड घ्या, तुळजापूर रोड घ्या, मंगळवेढा रोड घ्या, थोड्याफार फरकानं सगळीकडं हेच चालू आहे. एक बाजू म्हणतीये की गावातल्या चार बंगलेवाल्यांना निसर्ग पाहिजे आणि त्यापायी गरिबानं घर बांधू नये असं यांचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणतीये की सगळा बिल्डर लॉबीचा डाव आहे आणि शहरातली माणसं आली की गाव नासणार. दोन्हीकडून आवाज मोठा, पण त्या माळावर नक्की काय होणार आहे, तिथं कोण राहायला येणार आहे, त्यांना पाणी कुठून देणार आहेत, यावर कुणी दोन मिनिटं बोलायला तयार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गावाचा विरोध बरोबर आहे. पण गाव जी कारणं देतंय त्यातली निम्मी चुकीची आहेत आणि त्यातलं एक तर सरळ लाजिरवाणं आहे. आणि गावाला शिव्या घालणारे ज्या घरांच्या नावानं घालतायत, ती घरं त्या माळावर व्हायचीच नाहीयेत. तिथं होणार आहेत ते प्लॉट. हे दोन एकच समजून चाललेला सगळा वाद मला फुकटचा वाटतो.

आधी थोडा मागचा इतिहास, कारण तो माहीत नसला की माणूस म्हणतो गावाला आत्ताच कुठून निसर्गप्रेम आलं. माळढोक अभयारण्य जाहीर झालं १९७९ साली आणि त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर जिल्ह्यातले तालुके, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा, सगळं त्यात. गावं, शेतं, रस्ते, बाजारपेठा, कशाचा विचार न करता नकाशावर रेघ मारलेली. पुढची तीस-बत्तीस वर्षं या भागातल्या शेतकऱ्यानं काय काय ऐकून घेतलं ते त्यालाच माहीत. जमीन विकायला गेला की अडचण, एनए, म्हणजे बिनशेती करायला गेला की अडचण, कारखाना नको, अमुक परवानगी आणा, तमुक दाखला आणा. करमाळ्यापासून इकडं सगळीकडं त्याविरुद्ध आंदोलनं झाली, मोर्चे निघाले, आणि ते रागावणं रास्त होतं असं मी आजही म्हणीन. एवढ्या मोठ्या वस्तीच्या मुलखाला अभयारण्य म्हणणं हे ना पक्ष्याच्या कामाचं होतं ना माणसाच्या. शेवटी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या परवानगीनं क्षेत्र कमी होऊन १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. म्हणजे आधीच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास.

आता टीका करणारे म्हणतात की बघा, याच लोकांच्या बापांनी अभयारण्य हटाव म्हणून रस्ते अडवले आणि आता हेच अभयारण्य वाचवा म्हणतायत. यात मला विसंगती काही दिसत नाही. बापाचं म्हणणं होतं की माझ्या शेतीवर, माझ्या विहिरीवर, माझ्या जगण्यावर तुमची रेघ नको. पोराचं म्हणणं आहे की माझ्या चरणीवर, माझ्या ओढ्यावर तुमच्या लेआउटची कमान नको. दोघंही गाव चालू राहावं म्हणूनच बोलतायत. आणि जे काही उरलंय ते एवढं कापून, छाटून, घासाघीस करून उरलंय, की त्याच्याही कडेला प्लॉट पाडायचे म्हणजे मग २०१२ मध्ये जी तडजोड झाली ती तडजोड तरी कसली?

पण समोरच्या बाजूचे मुद्दे हलके नाहीत, आणि ते हलके धरून गाव ही लढाई हरेल. सगळ्यात जड मुद्दा आहे जमीनमालकाचा. माळाला लागून ज्याची पाच-सात एकर जमीन आहे त्याचं काय? अर्धी मुरमाड, बोअर कधी चालतो कधी नाही, ज्वारी-हरभरा पेरला की काळविटांचा कळप रात्रीत अर्धं रान मोकळं करून जातो, आणि भरपाईसाठी पंचनामा, फोटो, फेऱ्या. त्याला एक माणूस येऊन म्हणतो की गुंठ्यानं विकू, एकराला तू स्वप्नात बघितला नसशील एवढा पैसा होतो. घरात कर्ज आहे, पोरीचं लग्न आहे, पोराला पुण्यात शिकायला ठेवलंय. त्याला आपण काय सांगणार, लांडगा वाचव? ज्याचा पगार पहिल्या तारखेला जमा होतो त्यानं हे सांगू नये, आणि सांगितलं तर त्याची किंमत कोण देणार हेही सांगावं.

हे मी मनापासून मान्य करतो. राखणीचा खर्च एकट्या कडेच्या शेतकऱ्यानं सोसायचा आणि हवा-पाणी-पक्षी सगळ्यांनी वाटून घ्यायचे, हा अन्याय आहे. पण त्याचं उत्तर माळ विकणं हे कसं काय होतं? पुण्यात हाच प्रश्न टेकड्यांच्या बाबतीत आला होता. १९९७ साली महापालिकेत आलेल्या गावांमधल्या ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकलं, वर्षानुवर्षं वाद झाला, मालक म्हणाले आम्हाला बांधू द्या, संस्था म्हणाल्या एक वीट नको, आणि २०१५ मध्ये सरकारनं ठरवलं की आरक्षण कायम आणि मोबदल्यात आठ टक्के टीडीआर, म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडं करायचा किंवा विकायचा हक्क. मालकांना ते फारच कमी वाटलं आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. पण निदान एक गोष्ट तिथं मान्य झाली, की राखणाऱ्याला काहीतरी द्यायला लागतं. सोलापूरच्या माळाच्या बाबतीत एवढंसुद्धा कुणी बोलत नाही. गावाच्या ठरावात हे पाहिजे होतं. माळाकडेच्या शेतकऱ्याला दरवर्षी एकरी काहीतरी रक्कम, गवत राखल्याबद्दल, आणि काळविटाच्या नुकसानीचा पैसा हंगाम संपायच्या आत. ठरावात ते नाही म्हणून त्याच गावातले सात-आठ जमीनवाले आज विरोधात उभे आहेत, आणि त्यांचं काही चुकत नाही.

दुसरा मुद्दा असा की माळढोकच राहिला नाही तर कुणासाठी राखायचं? खरंय, एके काळी अभयारण्यातल्या नान्नजला लोक लांबून माळढोक बघायला यायचे, आता एखादी मादी दिसली तरी पेपरात बातमी येते. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत असं म्हणतात आणि ते बहुतेक राजस्थानात. पण माळ एका पक्ष्याच्या नावानं राखला गेला तरी तो कधीच एका पक्ष्याचा नव्हता. लांडगा आहे, खोकड आहे, काळवीट आहेत, चंडोल, धाविक, पखुर्ड्या आहेत. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या हे शिकारी पक्षी येतात, पार कझाकस्तानाकडून, आणि रात्री झाडावर न बसता थव्यानं उंच गवतात जमिनीवर झोपतात. त्या गवतात मुरमाचा रस्ता आणि ट्यूबलाइटचे खांब आले की ते परत फिरकणार नाहीत. भारतातला लांडगा तर बहुतांश अभयारण्यांच्या बाहेरच जगतो, माळ आणि मेंढरं यांच्या आधारानं, त्याला घनदाट जंगल नको असतं. आपल्याकडं जंगल म्हणलं की झाडी पाहिजे असा एक समज घट्ट बसलाय आणि झाड नाही म्हणजे जमीन मोकळी, मोकळी म्हणजे वापरायला हरकत नाही, अशी साखळी लोकांच्या डोक्यात आपोआप चालू होते.

हा समज आजचा नाही. इंग्रजांनी मुंबई इलाख्यातली पहिली नवी जमीनमोजणी केली ती आपल्या शेजारच्या इंदापुरात, १८३५-३६ साली, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी. जमिनीची प्रत लावायची, मातीची खोली बघायची, त्यावर शेतसारा ठरवायचा. पद्धत हुशारीची होती आणि शेतकऱ्यावरचा जाच तिनं काही प्रमाणात कमीही झाला, ते नाकारायचं कारण नाही. पण ज्या जमिनीतून सारा येत नाही ती सरकारी कागदात बिनकामाची ठरली. त्या जमिनीवर कुणाची मेंढरं चरतात, पावसाचं पाणी तिथं मुरून खालच्या विहिरीला कसं लागतं, सरपण कोण नेतं, हे त्या रकान्यात बसत नव्हतं. जवळपास एकशेनव्वद वर्षं झाली, सरकार बदललं, कॉम्प्युटरवर सातबारा आला, पण माळाकडं बघायची नजर तीच.

आणि माळ वापरात आहे हो. धनगराची मेंढरं पावसाळ्यात तिथंच चरतात, सुगी झाली की तीच मेंढरं खालच्या काळ्या रानात बसवायला शेतकरी बोलावतो, लेंडीखत मिळतं, त्याचे पैसे किंवा धान्य धनगराला मिळतं. माळ गेला की मेंढरं गेली, मेंढरं गेली की खत गेलं, आणि युरियाच्या गोण्यांचा खर्च वाढला तो कुणाच्या हिशोबात धरायचा? पाण्याचंही तसंच. वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पडणारा पाऊस, तोही चार दांडगे दिवस आणि मग ओढ. गवताळ माळ ते पाणी धरून हळूहळू ओढ्यांना सोडतो. लेआउटवाला सगळ्यात आधी करतो काय, तर जेसीबी लावून ओढा बुजवतो, कारण ओढ्यामुळं प्लॉट चौकोनी निघत नाहीत. मग पावसाचं पाणी सुटतं ते सरळ खालच्या वस्तीत. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरानं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. तो पूर प्लॉटांमुळं आला असं मी म्हणत नाही, तो वरून पडलेल्या पावसाचा आणि धरणांच्या विसर्गाचा होता. पण ज्या जिल्ह्यानं ते बघितलंय त्यानं त्यानंतर तरी ओढे बुजवू नयेत एवढी अपेक्षा जास्त आहे का?

एक आक्षेप मला स्वतःला फार विचार करायला लावतो. माळ तर आधी शेतकऱ्यांनीच फोडला की, द्राक्षासाठी. नान्नजच्या नानासाहेब काळेंनी सोनाका ही द्राक्षाची जात काढली, सगळ्या महाराष्ट्रात गेली, आणि त्यानंतर या भागात मुरमाड रानात बागा उभ्या राहिल्या, बोअरवर बोअर मारले गेले. मग तेव्हा माळ कुठं आठवला? हा आक्षेप खरा आहे, बागांनी पाणी उपसलंय आणि माळाचे लचके तोडलेत, यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त फरक एवढा की बाग काढून परत ज्वारी पेरता येते, रान पडीक ठेवलं तर दहा-पंधरा वर्षांत कुसळी, पवन्या ही गवतं परत येतात. काँक्रीट ओतल्यावर आणि शंभर खातेदारांच्या नावानं गुंठे पडल्यावर परतीचा रस्ता राहत नाही. आधी एक चूक झाली म्हणून आता तिच्यापेक्षा मोठी आणि कायमची चूक करायला मुभा मिळते असं कुठल्या न्यायानं?

आता घरांकडं येतो, कारण खरा दम त्या मुद्द्यात आहे. सोलापुरात घरांची गरज नाही असं कोण म्हणेल? विडी कामगार, यंत्रमागावरची माणसं, टॉवेल-चादरीच्या कारखान्यातली, हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बायका, एका खोलीत सहा-सहा जणं, भाडं दरवर्षी वाढतंय. पण या लोकांना घरं मिळाली ती कशी मिळाली ते आठवा. २००६ साली कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार विडी कामगारांना घरं मिळाली. नंतर तिथंच रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांचं लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते १९ जानेवारी २०२४ ला झालं. त्यामागं कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या संघटनेची वर्षानुवर्षांची मोर्चे काढण्याची, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवण्याची मेहनत आहे, राजकारण पटो न पटो. कुंभारीची ती जमीनही शहराबाहेरची उघडी जमीनच होती, आणि तरीही मी त्या प्रकल्पाच्या बाजूनं आहे. कारण तिथं माणसं आधी ठरली, त्यांची नावं आधी आली, आणि मग घर बांधलं गेलं. ते अभयारण्याच्या कडेलाही नव्हतं.

माळावरच्या लेआउटमध्ये क्रम उलटा असतो. आधी कमान, मग मुरमाचा रस्ता, हद्दीचे दगड, एक नारळाचं झाड, मोठा बोर्ड, बुकिंगवर काहीतरी भेट, आणि माणूस सगळ्यात शेवटी, तोही आला तर. शहरातून निघणाऱ्या कुठल्याही रस्त्यानं जरा लांब जाऊन बघा, वर्षानुवर्षं विकले गेलेले लेआउट दिसतील, ज्यात वेड्या बाभळीशिवाय काही उगवलेलं नाही. घेतलेले कुणी, तर पुण्यात फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्या पोरांनी, रिटायर झालेल्या मास्तरांनी, दुसऱ्या-तिसऱ्या प्लॉटवाल्या व्यापाऱ्यांनी. त्यांना मी नावं ठेवत नाही, बँकेतल्या ठेवीला व्याज नाही, शेअरची भीती वाटते, माणूस जमिनीत पैसे घालणारच. पण मग त्याला गुंतवणूक म्हणा. विडी वळणाऱ्या बाईचं नाव पुढं करून पुण्यातल्या इंजिनिअरचा प्लॉट पास करून घेऊ नका. ती बाई वीस किलोमीटर लांब माळावर राहायला जाऊन रोज विडीच्या ब्रँचला पानं-तंबाखू आणायला येणार कशी, बस कुठाय?

आणि शहरात जागाच नाही हेही खरं नाही. महापालिकेची हद्द १९९२ च्या हद्दवाढीनंतर जवळपास १८० चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या होती साडेनऊ लाख. म्हणजे एका चौरस किलोमीटरला सव्वापाच हजारांच्या आसपास माणसं. त्याच वर्षी पुण्यात हा आकडा बारा हजारांच्या वर होता. म्हणजे सोलापूर दाटीनं भरून ओसंडतंय असं अजिबात नाही, गावठाणात आणि पूर्व भागात दाटी आहे आणि हद्दवाढ भागात मोकळे प्लॉट पडलेत. १९९२ ला जी गावं आत घेतली तिथल्या लोकांना विचारा, ड्रेनेज कधी आलं, रस्ता कधी झाला, नळाला पाणी किती दिवसांआड येतं. शंभरावर किलोमीटर लांबून उजनीचं पाणी आणायचं आणि तरीही शहराला रोज नळ नाही. जे शहर आपल्या हद्दीतल्या माणसाला रोज पाणी देऊ शकत नाही ते माळावरच्या लेआउटला पाणी कुठून देणार? देणार नाही. बोअर मारणार, आणि गावाची विहीर कोरडी पडणार, मग टँकर, आणि टँकरचा धंदा ज्याचा त्याचं भलं.

हे वसईत घडलेलं आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सरकारनं वसई-विरारचा हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा केला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि गावागावातले बागायतदार हरित वसई म्हणून उभे राहिले. तेव्हाही हेच ऐकवलं गेलं, की मुंबईतल्या गरिबाला घर नको म्हणणारे हे सुखवस्तू लोक. मग इमारती झाल्या, आणि त्यांना पाणी नव्हतं म्हणून गावांतल्या विहिरींचं गोडं पाणी टँकरनं उपसून नेलं जायला लागलं, त्याविरुद्ध परत लढावं लागलं. सगळा पट्टा त्यांना वाचवता आला नाही. जो पश्चिमेकडचा भाग वाचला तिथं आजही केळी, फुलं, भाजी निघते. आणि मुंबईतल्या खऱ्या गरिबाला त्या इमारतींत घर मिळालं का, हा प्रश्न तेव्हा ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी नंतर परत विचारला?

उलट बाजूचा धडाही आहे आणि तो गावानं नीट ऐकावा. लंडननं आपल्याभोवतीची हिरवी जमीन राखायचा कायदा १९३८ ला केला, १९५५ पासून तसाच पट्टा इतर शहरांनीही आखावा असं धोरण आलं, आज इंग्लंडची साधारण आठवा हिस्सा जमीन अशा पट्ट्यांत आहे. गावं एकमेकांत मिसळली नाहीत, शेतं राहिली. पण घरं इतकी महाग झाली की तिथल्या तरुण माणसाला आपल्याच गावात घर घेता येत नाही, आणि जुने रहिवासी प्रत्येक अर्जाला विरोध करतात. म्हणून पट्टा राखणं चूक ठरतं का? त्यांनी पट्टा राखायला सुरुवात केली तेव्हाच १९४६ चा नवीन शहरांचा कायदाही केला होता, स्टीव्हनेजसारखी गावं सरकारनं स्वतः वसवली, नगरपालिका भाड्याची घरं बांधत होत्या. १९८० नंतर ती सरकारी घरं विकत गेले, नवीन बांधणं आटलं, आणि नुसता पट्टा राहिला. अडचण तिथं झाली. म्हणजे माळ राखा म्हणणाऱ्यानं घर कुठं होईल हेही त्याच दमात सांगायला पाहिजे, नाहीतर आज ना उद्या तो बरोबर असूनही अन्यायाच्या बाजूला जाऊन बसतो.

गावाच्या ठरावावरच्या चर्चेत जे बोललं गेलं त्यातलं एक वाक्य मला फार खुपलं. बाहेरची माणसं आली की गावाचं वातावरण बिघडेल. कुठली बाहेरची माणसं? सोलापूर म्हणजेच बाहेरून आलेली माणसं आहेत. १८७७ ला जुनी मिल ही कापड गिरणी सुरू झाली, तेव्हा दख्खनात मोठा दुष्काळ चालू होता, आसपासच्या खेड्यातली माणसं पोट भरायला शहरात आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कानडी बोलणारे होतेच, मारवाडी आले, मराठवाड्यातून आले. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची नावं नुसती वाचा, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. त्यांच्या शहरात बाहेरचे म्हणून कुणाला हाकलायची भाषा करायची? आणि बाहेरचे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात नेमकी कुठली जात, कुठला धर्म असतो तेही सगळ्यांना कळतं. या एका वाक्यामुळं गावाची चांगली बाजू नासते. विरोध जमिनीच्या वापराला करा, येणाऱ्या माणसाला करू नका. उद्या त्याच माळावर गावातल्याच पाटलानं रिसॉर्ट काढलं तरी तुमचा विरोध एवढाच कडक राहणार असेल तरच तो खरा.

काही जण मगरपट्ट्याचं उदाहरण देतात, की तिथं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःच शहर वसवलं आणि पिढ्यान्पिढ्यांची सोय केली. खरं आहे, शंभरावर शेतकरी कुटुंबं, चारशेच्या वर एकर, मालकी त्यांनी हातातून जाऊ दिली नाही, आणि ते कौतुकाचंच आहे. पण ते पुण्याला चिकटून होतं, आयटी येत होतं, घर बांधलं की राहायला माणूस तयार होता. आपल्याकडं पोरं पुण्याला चाललीत. इथं तसलं काही होण्याआधीच दलाल चौथा हिस्सा काढून निघून जातो आणि शेतकऱ्याच्या हातात येते एकरकमी रक्कम, जी दोन लग्नं, एक स्कॉर्पिओ आणि एका घराच्या स्लॅबमध्ये संपते.

कायद्यावर भरवसा ठेवा असंही सांगितलं जातं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. तरी गुंठे पडले. २००१ ला गुंठेवारी कायदा करून तोपर्यंतचे नियमित केले, २०२१ ला दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढं नेली. ज्या गरिबानं नोटरीवर गुंठा घेऊन खरंच घर बांधलं त्याला पाडा असं मी कधीच म्हणणार नाही, त्याच्यासाठी ती सवलत गरजेची होती. पण प्रत्येक सवलतीनं पुढच्या प्लॉटवाल्याला एवढंच सांगितलं की थांब थोडा, तुझाही नंबर लागेल. म्हणून गाव आधीच ओरडतंय ते बरं आहे, घरं झाल्यावर ओरडण्यात माणुसकीही नाही आणि उपयोगही नाही.

गावातल्याच माणसाचा मुद्दा मात्र या सगळ्या भांडणात कुणीच काढला नाही. प्रत्येक गावात अशी कुटुंबं आहेत ज्यांना घरकुल मंजूर आहे पण बांधायला जागा नाही. शेतमजूर, भटके, कुणी गावठाणाच्या कडेला पत्र्यात राहणारे. सरकारची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे, त्यात पाचशे चौरस फुटापर्यंत जागा घ्यायला आधी पन्नास हजार मिळायचे, नंतर ते एक लाख केले. पाचशे फूट म्हणजे अर्धा गुंठा पण नाही. गावाच्या कडेला लेआउट पडायला लागले, गुंठ्याचा भाव लाखांत बोलायला लागले की त्या रकमेत अर्धा गुंठा देणार कोण? म्हणजे प्लॉट आले तर गावातल्या गरिबाचं घर लांब जातं, आणि हे सगळं घरांच्या नावाखाली. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतली जमीन बिनशेती करणं कायद्यानं आता सोपं झालंय. तिथं, वस्तीला लागून, रस्ता-लाइट-पाणी पोचतं तिथं, गावानं दोन-तीन एकर जागा बघावी, त्या कुटुंबांची यादी नावानिशी लावावी, आणि माळावर लेआउट नको हा ठराव आणि या जागेचा ठराव एकाच दिवशी, एकाच कागदावर करून कलेक्टर ऑफिसला द्यावा. त्या कागदावर माळाकडेच्या सात-आठ शेतकऱ्यांच्या सह्या घ्यायला जावं लागेल, आणि त्यांच्या एकरी मोबदल्याचं कलम त्यात घातल्याशिवाय त्या मिळायच्या नाहीत. ते कलम लिहायला अजून कुणी बसलेलं नाही.